नव्याने बांधलेल्या इंजिनचे रनिंग-इन : पहिल्या किल्लीपासून पहिल्या दीड हजार किलोमीटरपर्यंत

इंजिन पूर्ण खोलून, सिलिंडर बोअर करून, पिस्टनच्या नव्या रिंगा आणि नवी बेअरिंग घालून पुन्हा बांधले की गाडी ताब्यात देताना मेकॅनिक हमखास एक वाक्य सांगतो : "पहिले हजार किलोमीटर जपून चालवा." या सुरुवातीच्या काळातल्या चालवण्यालाच रनिंग-इन म्हणतात. मेकॅनिकचा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. बहुतेक गाडीमालक त्याचा अर्थ असा लावतात की गाडी अगदी हळू, अजिबात जोर न देता चालवायची, आणि नव्या रिंगांना नेमके तेच मानवत नाही. नव्या इंजिनला जसा अतिवेगाचा आणि अतिउष्णतेचा धोका असतो तसाच लाडाचाही असतो. फरक इतकाच की वेगाने झालेले नुकसान लगेच ऐकू येते, तर लाडाने झालेले नुकसान दोन-तीन हजार किलोमीटरनंतर तेलाच्या पट्टीवर दिसू लागते.

मी स्वतः बांधलेले पहिले इंजिन चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे होते. ते पहिल्या फटक्यात सुरू झाले, त्या आनंदात मी ते पाऊण तास न्यूट्रलमध्ये स्लोवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवले आणि पुढचे कित्येक दिवस गाडी ताशी पन्नासच्या वर नेलीच नाही. काही महिन्यांत ते इंजिन दर आठशे किलोमीटरला लिटरभर तेल खाऊ लागले. हेड उतरवून पाहिले तेव्हा बोअरची भिंत आरशासारखी चकाकत होती, तिच्यावर चहासारखा तपकिरी पातळ थर चढलेला होता, आणि नख आडवे फिरवले तरी होनिंगच्या रेषा कुठेही लागत नव्हत्या. सर्व मापे बरोबर होती, सर्व भाग नवे होते. चूक फक्त चालवण्यात होती.

नेमके काय बसते आणि काय बसत नाही

बोअर केल्यानंतर सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या दगडाने एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेषा पाडतात. या रेषांचा एकमेकींशी होणारा कोन साधारण ४५ ते ६० अंशांच्या आसपास ठेवला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली ही भिंत म्हणजे बारीक शिखरे आणि दऱ्या यांची रांग असते. दऱ्यांमध्ये तेल साठते आणि शिखरे कानशीसारखी रिंगेच्या कडेला घासतात. या घासण्यात शिखरांचे टोक झिजते, रिंगेची कड भिंतीच्या आकाराशी जुळते आणि दोघांमधली फट बंद होते. यालाच रिंगा बसणे म्हणतात.

यासाठी लागणारा दाब रिंगेच्या स्वतःच्या ताणातून फारसा मिळत नाही. ज्वलनाचा गॅस वरच्या रिंगेच्या बाजूने खाचेत शिरतो, रिंगेच्या मागे जातो आणि तिला भिंतीवर दाबतो. इंजिनवर भार असेल, अॅक्सिलरेटर बऱ्यापैकी दाबलेला असेल, तर हा दाब मोठा असतो. स्लोवर किंवा अगदी हलक्या पायाने चालवताना तो नगण्य असतो. तेव्हा रिंग तेलाच्या थरावरून नुसती घसरत राहते, भिंतीवर उरलेले तेल उष्णतेने भाजून दऱ्यांमध्ये वार्निशासारखे चिकटते आणि भिंत गुळगुळीत होते. कानस एकदा बुजली की पुढे कितीही जोर लावला तरी तिला धार फारशी परत येत नाही. शिखरे लवकर झिजत असल्यामुळे या कामाला मिळणारा अवधी छोटा असतो आणि त्यातले बरेचसे काम पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच होते. साध्या ओतीव लोखंडाच्या रिंगा लवकर बसतात, तर क्रोम चढवलेल्या रिंगांना सर्वांत जास्त वेळ लागतो.

क्रँकच्या बेअरिंगचा प्रकार वेगळा आहे. बेअरिंग घासून बसवायचे नसते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा थर असतो आणि सर्व ठीक असेल तर धातू धातूला क्वचितच लागतो. पन्नास मिलिमीटरच्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) साधारण ०.०५ मिलिमीटरची फट असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्या फटीत पहिल्या क्षणापासून स्वच्छ तेल दाबाने पोहोचणे, एवढीच बेअरिंगची गरज असते. म्हणून रिंगांची काळजी रस्त्यावर घ्यायची असते आणि बेअरिंगची काळजी किल्ली फिरवण्यापूर्वीच घ्यावी लागते.

किल्ली फिरवण्यापूर्वी

सर्व प्लग काढून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावावा आणि इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. चार स्ट्रोकच्या इंजिनचे एक चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होत असल्यामुळे टायमिंग चुकून व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल तर ते येथेच कळते. फिरवताना रिंगांचा सारखा, चिकट विरोध जाणवला तर ते ठीक आहे; पण एखाद्या ठिकाणी टणकपणे अडले तर पान्यावर जोर न लावता टायमिंगच्या खुणा पुन्हा तपासाव्या.

त्यानंतर तेल. रनिंग-इनसाठी उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचे साधे मिनरल ऑइल वापरण्याची पद्धत जुनी आहे आणि मला ती आजही योग्य वाटते. नव्या गाड्या कारखान्यातून सिंथेटिक तेल घालून बाहेर पडतात, हे खरे. परंतु त्यांचे बोअर ज्या यंत्रांवर, ज्या सफाईने तयार होतात, ती सफाई प्रत्येक मशीन शॉपमध्ये मिळतेच असे नाही. शिवाय पहिले तेल थोड्याच वेळात काढून टाकायचे असते, त्यामुळे महाग तेल घालण्यात अर्थही नाही. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम चपट्या टॅपेटवर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या तुकड्यावर) चालणारा असेल तर मात्र जस्त आणि फॉस्फरसची मात्रा जास्त असलेले, खास रनिंग-इनसाठी बनवलेले तेल घ्यावे. फिल्टर उभा बसत असेल तर तो तेलाने भरूनच बसवावा. जुना ऑइल कूलर शक्यतो पुन्हा वापरू नये. आधीचे इंजिन बेअरिंग जाऊन बंद पडले असेल तर त्याचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांमध्ये लपलेला असतो आणि नुसते धुऊन तो पूर्ण निघत नाही.

आता इंजिन सुरू न करता तेलाचा दाब तयार करायचा, आणि ही पायरी गाळू नये. ज्या जुन्या इंजिनांत डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावरून ऑइल पंप चालतो, त्यांत डिस्ट्रिब्यूटर काढून पंपाचा दांडा योग्य आकाराच्या तुकड्याने ड्रिल मशीनवर, त्याच्या मूळ दिशेने फिरवता येतो. सुरुवातीला ड्रिल मोकळे फिरते आणि तेल चढले की एकदम जड होते. हा बदल हाताला स्पष्ट कळतो. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने क्रँक पान्याने थोडा थोडा फिरवत राहावे, म्हणजे सर्व छिद्रे क्रमाने समोर येऊन प्रत्येक जर्नलला तेल मिळते. वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत तेल येईपर्यंत हे चालू ठेवावे. पंप थेट क्रँकवर बसवलेला असेल तर इंधन पंपाचा फ्यूज काढावा, इग्निशन कॉइलचे कनेक्शन सोडवावे आणि प्लग न लावता स्टार्टरने इंजिन फिरवावे. प्लग नसल्याने कॉम्प्रेशनचा भार बेअरिंगवर पडत नाही, आणि इंधन बंद असल्याने बोअरवरचे तेल पेट्रोलने धुऊन जात नाही. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदच चालवावा आणि मध्ये मिनिटभर थांबावे. गेज हलल्याशिवाय किंवा ऑइलचा दिवा विझल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडीतल्या दिव्यावर विसंबण्यापेक्षा या कामापुरते यांत्रिक प्रेशर गेज जोडले तर उत्तम, कारण दिवा अगदी कमी दाबालाही विझतो.

कुलंट भरताना हवा अडकू देऊ नये. हीटर पूर्ण उघडा ठेवावा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत कुलंट सोडावा, आणि थर्मोस्टॅटला छोटे छिद्र किंवा हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला येईल असा तो बसवलेला आहे याची खात्री करावी. हेडमध्ये अडकलेला हवेचा फुगा तापमानाच्या काट्यावर दिसत नाही, कारण सेन्सर द्रवात बुडालेला नसेल तर तो खोटेच सांगतो.

बाकीची तयारी थोडक्यात सांगायची तर टाकीतले जुने पेट्रोल बदलावे, इग्निशनचे टायमिंग आणि फायरिंग ऑर्डर पुन्हा पाहावी, बॅटरी पूर्ण चार्ज करावी, एअर फिल्टर लावल्याशिवाय इंजिन एक मिनिटही चालवू नये, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि हे सर्व काम उघड्यावर करावे, कारण बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो. पहिल्या प्रयत्नातच इंजिन सुरू होईल इतकी तयारी असावी. तासभर स्टार्टर मारत बसल्याने बांधताना कॅमवर लावलेली वंगणाची असेंब्ली पेस्ट पुसली जाते आणि बोअर पेट्रोलने कोरडे होतात.

पहिली वीस-तीस मिनिटे

येथे वाट दोन बाजूंनी फुटते आणि आपले इंजिन कोणत्या बाजूचे आहे हे आधीच माहीत असावे लागते. चपट्या टॅपेटचा, ब्लॉकमध्ये बसणारा कॅम असेल तर इंजिन सुरू होताच ते थेट २,००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) न्यावे आणि वीस ते तीस मिनिटे १,८०० ते २,५०० च्या दरम्यान वरखाली करत ठेवावे. त्याला स्लोवर येऊ देऊ नये. या रचनेत कॅमच्या उंचवट्यांना तेल मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून मिळते, आणि स्लोवर ते शिंतोडे पुरेसे उडत नाहीत. टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि कॅमचा उंचवटा किंचित उतरता घासलेला असतो, त्यामुळे टॅपेट आपल्या जागी हळूहळू फिरत राहतो. हे फिरणे सुरू झाले नाही तर एकाच जागी घासून उंचवटा काही मिनिटांत खलास होतो. पुशरॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंत जाणाऱ्या दांड्या) दिसत असतील तर त्या फिरत आहेत का हे डोळ्यांनी पाहता येते. एखादी स्थिर दिसली तर लगेच इंजिन बंद करावे.

रोलर टॅपेट असतील तर या विधीची गरज नसते, आणि ओव्हरहेड कॅमच्या बहुतेक इंजिनांत कॅमला तेल थेट मिळते. अशा इंजिनात सुरू झाल्यावर १,५०० ते २,००० आरपीएमवर, सारखा बदल करत, ते कामाच्या तापमानाला येईपर्यंत चालवावे आणि गळती नाही हे पाहून लवकरात लवकर रस्त्यावर काढावे. गॅरेजमध्ये उभे राहून चालवलेल्या प्रत्येक मिनिटाचा रिंगांना उपयोग शून्य असतो.

सुरू झाल्यानंतर पहिली नजर तेलाच्या दाबावर असावी. काही सेकंदांत दाब दिसला नाही तर इंजिन बंद करावे. "येईल थोड्या वेळात" असे म्हणून वाट पाहणे म्हणजे पुन्हा इंजिन खोलण्याची तयारी होय. उत्पादकाचा आकडा हाताशी असेल तर तोच प्रमाण मानावा. नसेल तर गरम इंजिनला दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा जुना आडाखा कामी येतो. दुसरी नजर तापमानावर ठेवावी. नव्या रिंगांचे घर्षण जास्त असल्याने काटा नेहमीपेक्षा थोडा लवकर चढतो, पण तो मधल्या जागी थांबला पाहिजे. सायलेन्सरच्या नळ्यांवरचे हाताचे तेल जळून धूर येईल, रंगाचा वास येईल आणि पहिल्या काही मिनिटांत निळसर धूरही दिसेल. त्याने घाबरू नये. हायड्रॉलिक टॅपेट तेलाने भरेपर्यंत टकटक करतात, तीही काही मिनिटांत थांबते. याउलट खालच्या बाजूने येणारा, आरपीएमबरोबर वाढणारा जड ठोका कधीही आपोआप थांबत नाही.

पहिले तेल काढणे

कॅमचे रनिंग-इन झाले की, किंवा ते नसेल तर पहिल्या साधारण ८० किलोमीटरनंतर, तेल गरम असतानाच काढावे आणि फिल्टरही बदलावा. काढलेला फिल्टर फेकू नये. करवतीने कापल्यास करवतीचाच भुगा आत पडतो, म्हणून तो फिल्टर कटरने किंवा धारदार पत्राकात्रीने उघडावा, आतला घडीचा कागद कापून काढावा, पक्कडीत किंवा शिकंज्यात दाबून तेल निपटावे आणि उन्हात पसरून पाहावा. तेलात रुपेरी रंगासारखी चमक आणि कागदावर फार बारीक करडी पूड असेल तर ते रिंगा आणि बोअर यांच्या घासण्याचे स्वाभाविक चिन्ह आहे. चुंबक फिरवून लोखंड वेगळे करावे. चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा पितळी रंगाचे पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे असण्याची शक्यता मोठी असते, आणि नखावर घेतल्यावर टोचणारे चकचकीत कण दिसले तर पुढे चालवू नये. सिलिकॉन सीलंटच्या लहान अळ्याही अनेकदा सापडतात. त्या धातूइतक्या गंभीर नसल्या तरी पंपाच्या जाळीत अडकू शकतात, आणि गॅस्केटवर सीलंट सढळ हाताने लावल्याची ती खूण असते.

याच टप्प्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यानंतर, यांत्रिक टॅपेटची फट पुन्हा मोजावी. हेडचे बोल्ट पुन्हा कसण्याचा नियम सर्वांना लागू नाही. गॅस्केट बनवणाऱ्याने तसे सांगितले असेल तरच, ठरलेल्या क्रमाने, एकेक बोल्ट घेऊन ते करावे. अंशांत फिरवून कसायचे, एकदाच वापरण्याचे ताणाचे बोल्ट असतील तर त्यांना पुन्हा हात लावू नये.

रस्त्यावरचा पहिला तास

रिंगा येथेच बसतात. रहदारी कमी असलेला, शक्यतो थोडी चढण असलेला रस्ता निवडावा. इंजिन आणि तेल पूर्ण गरम होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे साधे चालवावे. नंतर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरवरून अॅक्सिलरेटर निम्मा ते पाऊण दाबून ताशी ८० पर्यंत न्यावे आणि मग पाय पूर्ण काढून, गिअर न काढता, क्लच न दाबता गाडी पुन्हा ५० वर येऊ द्यावी. असे दहा-बारा वेळा करावे. दर तीन-चार फेऱ्यांनंतर काही मिनिटे हलक्या पायाने चालवून बोअरला थंड होऊ द्यावे, कारण नव्या रिंगा घासतात तेथे स्थानिक उष्णता फार वाढते.

या दोन्ही भागांचे काम वेगवेगळे आहे. दाबताना गॅस रिंगेला भिंतीवर ढकलतो. पाय काढल्यावर पेट्रोल इंजिनच्या सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो, त्याने खालून थोडे तेल वर ओढले जाते आणि घासून निघालेली धातूची पूड धुतली जाते. म्हणून पाय काढल्यावर न्यूट्रल करणे म्हणजे अर्धे काम टाकून देणे होय. जोर देणे आणि इंजिनला कुंथायला लावणे यांतही गल्लत करू नये. पाचव्या गिअरमध्ये १,२०० आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ठोकते, तेलाचा दाब कमी असतो आणि बेअरिंगवर भार मात्र सर्वाधिक पडतो. पेट्रोल इंजिन सुमारे २,००० ते ३,५०० आरपीएमच्या पट्ट्यात ठेवावे आणि पहिल्या तासात ४,००० च्या वर नेऊ नये.

क्लचही नवा बसवला असेल, आणि इंजिन खाली उतरवल्यावर तो बहुधा बसवतातच, तर त्याला हलक्या हाताची गरज असते आणि इंजिनला जोराची. येथे विरोध दिसतो, पण तो खरा नाही. सुरुवात करताना क्लच अलगद सोडावा आणि तो पूर्ण लागल्यावरच अॅक्सिलरेटर दाबावा.

पाचशे ते दीड हजार किलोमीटर

या टप्प्यात सांगण्यासारखे कमी आहे. वेग आणि आरपीएम सतत बदलते ठेवावे. एकाच वेगाने तासन्‌तास महामार्गावर जाणे टाळावे. ट्रेलर किंवा भरगच्च सामान ओढू नये. थंड इंजिनवर जोर देऊ नये. दर १००-१५० किलोमीटरला तेलाची पट्टी पाहावी, तीही सपाट जागी आणि इंजिन बंद करून काही मिनिटांनी. ५०० ते ८०० किलोमीटरला पुन्हा तेल आणि फिल्टर बदलावा, आरपीएमची मर्यादा दर दोन-तीनशे किलोमीटरला पाचशेने वाढवत न्यावी आणि दीड हजाराच्या सुमारास तिसऱ्या बदलाला, तेल खाणे थांबलेले असेल तर, नेहमीचे सिंथेटिक तेल घालावे. तेलाची पातळी घसरत असेल तर मिनरल ऑइलवरच थोडे थांबावे.

डिझेल इंजिनला भाराची गरज पेट्रोलपेक्षाही जास्त असते आणि स्लोवर ठेवल्याची शिक्षाही जास्त मिळते. त्यात पेट्रोलसारखा थ्रॉटलचा (आत जाणारी हवा अडवणाऱ्या झडपेचा) निर्वात नसल्याने पाय काढल्यावर तेल वर ओढले जाण्याचा मुद्दा बराचसा गळतो. उरतो तो भार. रिकाम्या गाडीपेक्षा माफक भार घेऊन चढणीवर चालवलेले डिझेल लवकर बसते. त्याची कमाल मर्यादा पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत २,५०० आरपीएमच्या आसपास ठेवावी. टर्बो असेल तर पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी त्याच्या तेलाच्या नळीतून थोडे स्वच्छ तेल ओतून चाक हाताने फिरवावे, आणि जोरात चालवून आल्यावर मिनिटभर थांबूनच किल्ली बंद करावी.

रिंगा बसल्या की नाही, हे ओळखणे

हजार-दीड हजार किलोमीटरनंतर गरम इंजिनचे सर्व प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजावे. आकडा किती मोठा आहे यापेक्षा सर्व सिलिंडर एकमेकांच्या सुमारे दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे महत्त्वाचे असते. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा सील करत नाहीत, न वाढल्यास संशय व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर जातो. हवा भरून गळती मोजणारे लीक-डाउन उपकरण मिळाले तर ते अधिक स्पष्ट बोलते : तेल भरण्याच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

धुराचेही असेच आहे. जोर देताना निळा धूर येत असेल तर रिंगांकडे पाहावे. लांब उतारावर पाय काढून आल्यानंतर पुन्हा दाबताना एकदाच निळा भपकारा येत असेल तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलचा किंवा गाइडचा असतो, आणि त्यासाठी रिंगांना बोल लावून इंजिन खोलणे म्हणजे फुकटचा खर्च.

रिंगा बसल्या नाहीत असे ठरलेच, तर आधी मिनरल ऑइलवर वर सांगितलेला भाराचा क्रम दोन-तीन वेळा पुन्हा करून पाहावा. अर्धवट बसलेल्या रिंगा त्याने कधीकधी सुधारतात. बोअर चकाकत असेल तर मात्र पिस्टन काढून भिंतीवर पुन्हा हलके होनिंग करणे आणि नव्या रिंगा घालणे, एवढाच मार्ग राहतो. तसे करताना जुन्या रिंगा लगेच कचऱ्यात टाकू नयेत. त्यांवरची वरची बाजू दाखवणारी खूण खरोखर वर होती का, तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या होत्या का, आणि रिंग बोअरमध्ये सरळ बसवून मोजल्यास तिची फट मापात येते का, हे तपासून मगच नव्या रिंगांचे पाकीट फोडावे.